उभ्या गाडीतली हवा

माझ्या मुलीला घाम येत नसे. नव्याण्णव सालच्या पावसाळ्यात ती जन्मली, हिवाळा सुखात गेला, त्यामुळे आम्हाला काही कळलंच नाही. मार्च लागला तसा तिला ताप येऊ लागला. दुपारी चढायचा, दिवस कलला की उतरायचा. मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडची झाली, कोणी सांगितलं म्हणून दात येण्याची गुटीही झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीची कातडी भिंगातून पाहिली, विरळ केस पाहिले, उशिरा आलेले दोन टोकदार दात पाहिले आणि म्हणाल्या, "हा ताप नाही. हिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच तयार झालेल्या नाहीत. बाहेर जितकं तापेल तितकी ही तापेल. हिला थंड ठेवा. बाकी पोर हुशार आहे, वाढेल."

थंड ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी नऊ वाजता विहिरीच्या दगडावर पाय ठेववत नाही.

आम्ही गोंदिया जिल्ह्यात, सौंदडपासून थोडं आत, एका खेड्यात राहत होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिचे बाबा ग्रामसेवक होते, तीन गावं त्यांच्याकडे होती, दिवसभर फटफटीवर फिरायचे. घरात आम्ही मोठा कूलर लावला. मी तिचे सुती फ्रॉक पाण्यात बुडवून, पिळून, ओलेच तिच्या अंगावर घालायची. ते अर्ध्या तासात वाळायचे, मग दुसरा. पाच वर्षांची झाली तेव्हा ती वर्गात माठाजवळ बसायची आणि आपणच पेल्याने डोक्यावर पाणी ओतून घ्यायची. बाकीच्या पोरांना तो खेळ वाटायचा. आमच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी म्हणायची, "घाम नाही येत त बरंच आहे बाई, कपडे कमी मळतील." वाईट मनाने नाही म्हणायची.

घर आणि शाळा आम्ही सांभाळली. रस्ता सांभाळता येत नव्हता. ती चार वर्षांची असताना एप्रिलमध्ये मी तिला घेऊन गोंदियाहून बसने परत येत होते. बस भरलेली, खिडकीतून आगीसारखी हवा. अर्ध्या वाटेत पोरीने माझ्या मांडीवर मान टाकली. मी ओरडले तशी कंडक्टरने घंटी मारून बस एका बोरिंगजवळ थांबवली. दोन अनोळखी माणसं उतरून हापसत राहिली आणि मी तिला त्या धारेखाली धरून बसले. दहा-पंधरा मिनिटांनी तिने डोळे उघडले. सगळी बस तोवर उन्हात थांबली होती, एकानेही कुरकुर केली नाही.

संध्याकाळी तिचे बाबा अंगणात उकिडवे बसले होते. म्हणाले, "आपण गाडी घेऊ. एसीवाली."

"आपल्याले गाडी?" मी म्हणाले.

"आपल्याले नाही. पोरीले."

त्या हिवाळ्यात गोंदियाच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी छोटी गाडी आमच्या दारात आली. आमच्या मोहल्ल्यातली ती पहिलीच मोटार. पहिले दोन दिवस बायका दोघी-दोघी करून आत बसायच्या, जाळीतून येणाऱ्या हवेसमोर हात धरायच्या आणि पुढच्या दोघींसाठी उतरायच्या. पोरीला मात्र गाडीचं वेगळंच कौतुक होतं. गाडीत तिला ओले कपडे घालावे लागत नसत. जन्मात पहिल्यांदा तिला उन्हाळ्यात इस्त्रीचा कोरडा फ्रॉक घालून कुठे जाता येत होतं. एक पिवळा फ्रॉक तिने गाडीसाठीच राखून ठेवला होता. लहान झाला तेव्हा हट्टाने तशाच रंगाचा दुसरा शिवून घेतला.

पहिल्याच मे महिन्यात एसीची हवा मंदावली. कोणीतरी गोंदियात कुडव्याच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. टिनाचं शेड, समोर एक बाक, आणि आत पूर्वी फ्रीज दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, हिंदी बोलणारा माणूस. त्यांनी पोरीला पाहिलं, मी दोन वाक्यांत तिचं सांगितलं, आणि त्यांनी आपला कूलर ओढून तिच्या समोर लावला. मग गाडीच्या समोरच्या जाळीत टॉर्च मारून म्हणाले, "बहनजी, ये गाड़ी राइस मिल के रोड से आती-जाती है क्या?"

होय म्हणाले. आमच्याकडे दुसरे रस्ते आहेत कुठे.

त्यांनी पाण्याची बारीक धार सोडली. जाळीमागे जे पत्र्याच्या पापुद्र्यांचं कूलिंग असतं, ज्यातून गॅसची गरमी बाहेर जाते, त्यातून धानाचा भुसा निघू लागला. ओंजळ भरली. पाच मिनिटांत आतली हवा पुन्हा गार झाली. मिस्त्री म्हणाले, "गॅस पूरा है. साँस नहीं ले पा रही थी."

मी त्या दिवशी ठरवलं की हे सगळं मला यायला पाहिजे. मिस्त्री गोंदियात, आम्ही चाळीस-पन्नास किलोमीटर लांब. रस्त्यात काही झालं तर कोणाची वाट पाहणार? मी त्यांना सांगितलं, मला शिकवा. ते हसले नाहीत. म्हणाले, "पहले आँख, फिर कान, फिर हाथ. मीटर सबसे बाद में."

त्यानंतर प्रत्येक फेरीत त्यांनी मला काही ना काही दाखवलं. बोनटखाली दोन पाइप. जाडा पाइप हाताला थंडगार लागला पाहिजे, बाहेरून दव सुटलं पाहिजे. बारीक पाइप गरम पाहिजे, पण हात धरवेल इतकाच. दोन्ही सारखेच कोमट असतील तर कॉम्प्रेसर काम करत नाही, नाहीतर गॅस नाही. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून धरतो आणि इंजिनाचा आवाज किंचित दबतो. टक् आलंच नाही तर आधी वायर पाहायची, कारण धान भरलेल्या घरापाशी गाडी उभी असली की उंदीर वायरी खातात. गॅस कमी झाला तर नुसता भरून घ्यायचा नाही, गळती शोधायची. गॅसबरोबर तेल निघतं, तेलावर धूळ बसते, तेव्हा काळा चिकट डाग हुडकायचा आणि त्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहायचं. सुरुवातीला गार आणि अर्ध्या तासाने हवाच बारीक झाली, तर आत बर्फ धरला.

पोरगीही शिकली. मागच्या सीटवरून कान देऊन ती सांगायची, "आई, टक् झालं." मिस्त्री तिला 'छोटी मिस्त्री' म्हणायचे.

दोन-तीन वर्षांत माझं नाव झालं. शिक्षकांकडे हळूहळू गाड्या येत होत्या, एसी बिघडला की मला विचारायचे. एकदा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या गाडीत पायापाशी पाणी गळू लागलं. एका गॅरेजवाल्याने त्यांना आतलं सगळं कूलिंग बदलायला सांगितलं होतं. मी खाली वाकून पाण्याची निचरा-नळी पाहिली. कुंभारमाशीने तिच्या तोंडात मातीचं घर केलं होतं. तारेने खरवडलं, भस्सकन पाणी निघालं, काम संपलं. डॉक्टरांनी ही गोष्ट सगळ्या तालुक्याला सांगितली. मला 'एसीवाल्या मॅडम' म्हणू लागले. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं. मुलीच्या आजारावर माझा काही इलाज नव्हता, पण या एका गोष्टीत माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

पोरगी नऊ वर्षांची होत आली होती. चौथीची परीक्षा तिने चांगली दिली होती. तिला पाढे तीसपर्यंत यायचे. उन्हाळा बंद खोलीत काढायचा असल्यामुळे तिने चित्रांच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या, आणि तिच्या सगळ्या चित्रांत पाऊस असायचा.

त्या वर्षी मार्चमध्ये आम्ही नेहमीसारखी गाडी मिस्त्रींना दाखवून आणली. त्यांनी जाळी धुतली, गॅस पाहिला, ठीक आहे म्हणाले. एप्रिलच्या शेवटी एक दिवस तिचे बाबा गोंदियाहून एकटेच गाडी घेऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "रेल्वे फाटकावर गाडी उभी राहिली का हवा कोमट येऊन राहिली. चालली का मंग थंड येते."

मी भाकरी थापत होते. म्हणाले, "उन्हाळा आहे जी. उभ्या गाडीत इंजन हळू फिरते, एसी कमीच होते. त्यात काही नाही."

ते 'बरं' म्हणाले. एसीच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा असायचा.

माझं म्हणणं अगदी चूकही नव्हतं. जुन्या छोट्या गाडीत थोडं तसं होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या सावलीत गाडी चालू करून पाइपांना हात लावून पाहिला. जाडा थंड, बारीक गरम. सकाळची हवा मऊ होती, सगळं बरोबर लागलं. समोर एसीचा वेगळा पंखा असतो. गाडी चालत असताना वाऱ्यानेच काम भागतं, पण उभी राहिली की गरमी बाहेर फेकायला तो पंखा फिरावा लागतो. तो फिरतो आहे की नाही हे वाकून पाहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पाहिलं नाही.

मे महिन्याच्या मधल्या एका सकाळी पोरगी तापलेली उठली. कूलरसमोर ठेवूनही अंग उतरेना. घसा लाल होता. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "हा ताप खरा आहे, आतला आहे. गोंदियाला न्या, भरती करावं लागेल. थांबू नका." आम्ही कधीही दहा ते पाचच्या मध्ये तिला बाहेर काढत नसू. पण अकरा वाजून गेले होते आणि ताप चढत होता. ओली चादर, टॉवेल, पाण्याची पाच लिटरची कॅन घेऊन आम्ही निघालो. बाबा चालवत होते. ती मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिने पिवळा फ्रॉक मागितला होता, मी ओला घालायचा म्हणत होते, शेवटी तिचं ऐकलं. गाडी चांगली गार होती. तिने डोळे मिटून घेतले होते आणि मला वाटलं, आता पोहोचतो.

गोंदियाच्या अलीकडे तेच रेल्वे फाटक होतं. ते पडलेलं, बंद होतं. पुढे एक ट्रॅक्टर आणि बस. मागे थोड्या वेळाने ट्रक येऊन लागला. पॅसेंजर गाडी गेली, तरी फाटक उघडलं नाही. फाटकवाला ओरडून म्हणाला, मालगाडी येऊन राहिली, ती जाऊ द्या.

तीन-चार मिनिटांत जाळीतून येणारी हवा बदलली. आधी नुसता वारा, मग कोमट. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पोरीचं डोकं हळूच सीटवर ठेवलं, त्यांना मागे बोलावलं आणि बोनट उघडलं.

एका नजरेत समजलं. पंखा उभा होता. पाती स्वच्छ दिसत होती, इतका तो स्थिर होता. बारीक पाइपाला बोट लावताच चटका बसला, जाड्या पाइपाला थंडावा नव्हता. कॉम्प्रेसर टक् करून धरायचा आणि लगेच सोडायचा. मी पान्याने पंख्याच्या मोटरवर ठोकलं. तो दोन फेरे फिरला आणि थांबला. पुन्हा ठोकलं. फिरला नाही.

एक उपाय मला माहीत होता. बाहेरून जाळीवर पाणी ओतलं तर गॅस थोडा वेळ थंड होतो आणि आत गार हवा येते. मी कॅन काढली. पाच लिटर पाणी, आणि मागे ताप आलेली पोर. मी अर्धं जाळीवर ओतलं. वाफ निघाली, बाबा आतून म्हणाले, "आली, थंड आली." दोन मिनिटं टिकली. मग पुन्हा कोमट. उरलेलं पाणी मी हातात धरून उभी होते. काचा उघडल्या तर बाहेरची लू, भाजणारा वारा, आत येणार. झाड एकही नव्हतं. फाटकवाल्याच्या खोलीवर पत्रा तापला होता.

तो फाटकवाला पळत आपला माठ घेऊन आला. बसमधल्या लोकांनी बाटल्या दिल्या. कोणी विचारलं नाही कशाला. मी ओतत राहिले, जाळीवर, आणि बाबा आत टॉवेल भिजवून तिच्या अंगावर फिरवत राहिले. मालगाडी आली. कोळशाचे डबे होते, संपता संपेनात.

फाटक उघडलं, गाडी निघाली, आणि एक-दीड मिनिटात हवा बर्फासारखी थंड झाली. त्या थंड हवेत, दवाखाना समोर दिसत असताना, पोरीला झटका आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की रक्तात संसर्ग पसरला होता, तो आधीच होता. "रस्त्यात काही झालं नसतं, तरीही..." असं म्हणून ते थांबले. मी म्हणाले, "पूर्ण सांगा." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगता येत नाही, बाई. खरंच सांगता येत नाही."

गावात आणलं. विहाराजवळ लोक जमले. त्रिशरण, पंचशील झालं. पिवळा फ्रॉक मी दवाखान्यातच धुऊन वाळवला होता. तोच घातला. कोरडा.

पाचव्या दिवशी भर दुपारी मिस्त्री आपल्या स्कूटरवरून आले. कोणी सांगितलं त्यांना, माहीत नाही. अंगणात गाडीचं बोनट उघडून पंख्याची मोटर खोलली आणि तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरली. आतले कार्बनचे दोन तुकडे झिजून नखाएवढे उरले होते. कधी लागायचे, कधी नाही. "बहनजी, ये मुझे देखना था," ते म्हणाले. "मार्च में गाड़ी मेरे पास आई थी. मैंने पंखा चला के नहीं देखा."

मी म्हणाले, "यांनी मला एप्रिलमध्ये सांगितलं होतं."

ते तिथेच पायरीवर बसले. चहा दिला तो त्यांनी घेतला नाही. आठ दिवसांनी येऊन नवी मोटर बसवून गेले. गाडी आम्ही पुन्हा काढली नाही. दिवाळीआधी तिच्या बाबांनी ती कोणाला तरी देऊन टाकली. कोणाला, मी विचारलं नाही.

मी वाट पाहत होते. तिचे बाबा कधी बोलतील याची. मी तुला सांगितलं होतं, एवढंच एक वाक्य. ताट वाढताना वाटायचं, आज बोलतील. कधी आवाज चढला, भाजीत मीठ जास्त झालं, की वाटायचं, आता. ते बोलले नाहीत. माझ्या आईसमोर नाही, त्यांच्या भावांसमोर नाही, रागात नाही. मला ते न बोलणं मोठेपणा वाटला नाही. मला वाटायचं, इतका मोठा दोष आहे की तो तोंडाने काढता येत नाही. मीही त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. पुढच्या वर्षी त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. त्यांनी ती थांबवली नाही. मीही गोंदियाजवळ बदली मागितली आणि कुडव्याला दोन खोल्या घेतल्या. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. लोक म्हणायचे, दुसरं मूल होऊ द्या. आम्ही ऐकून घ्यायचो.

मिस्त्रींचं शेड माझ्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरच होतं. मी लांबून फिरून जायची. कोणी एसीचं विचारलं की माहीत नाही म्हणायची, आणि हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं.

अशी पाच वर्षं गेली. मग एका शनिवारी, मार्चमध्ये, शाळा सुटल्यावर आमच्या नव्या मुख्याध्यापकबाई आपल्या गाडीपाशी उभ्या राहून दुसऱ्या शिक्षिकेला सांगत होत्या, "थांबली की गरम हवा येते गं, चालली की गार. जुनी झाली, दुसरं काय." मी त्यांच्या मागून जात होते. माझे पाय थांबले. मी म्हणाले, "पंखा पाहा, बाई. एसीचा पंखा. आजच्या आज दाखवा." माझा आवाज कसा निघाला मला कळलं नाही. मी वर्गात परत गेले आणि रिकाम्या बाकावर बसून राहिले. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिचे बाबा सकाळी ओट्यापाशी बसून वांगी चिरत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"तुम्ही मले सांगतलं होतं," मी म्हणाले. "फाटकावर उभी राहिली का कोमट येते म्हणून."

त्यांनी मान डोलावली.

"मंग एवढ्या वर्षांत एकदाही काऊन नाही बोलले?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मी कायले बोलू? मीच त वाट पाहून राहिलो, तू कधी बोलते म्हणून."

"मी काय बोलणार होती?"

"मोरीचं."

मला काही समजलं नाही. त्यांनी सांगितलं. त्या फाटकाच्या दोन किलोमीटर अलीकडे नाल्यावर रेल्वेचा छोटा पूल होता, त्याच्या मोरीखालून, म्हणजे रुळांखालच्या कमानीतून, बैलगाड्यांची वाट होती. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो, छोटी गाडी निघते. ग्रामसेवक म्हणून त्यांना त्या भागातल्या सगळ्या वाटा माहीत होत्या.

"फाटक पडलेलं दिसलं तवाच मनात आलं का फिरवावं," ते म्हणाले. "मागं ट्रक लागाच्या आधी फिरवता आली असती. गाडी चालती राहिली असती त थंड राहिली असती. मी म्हटलं, पाच मिनिटांत उघडते. बसून राहिलो. मंग तू बोनटपाशून माझ्याकडे पाहे, तवा मले वाटे, हिले समजलं. ही मले कधीच माफ करत नाही."

फाटकावर मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. मी बोनटच्या बाजूने वाकून काचेतून मागच्या सीटवरच्या पोरीकडे पाहत होते. मोरीची वाट मला त्या रविवारपर्यंत माहीतच नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. पोरगी गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

त्यांनी डोळे पुसले तेव्हा मी विचारलं, "मी बाहेर होती तवा पोरगी काही बोलली का?"

"बोलली ना."

"काय?"

"मालगाडीचे डबे मोजून राहिली होती. एकतीसपर्यंत मोजले, मंग विसरली. मले म्हणे, तुम्ही मोजा."

"अजून?"

"पाणी मांगतलं. मी दिलं. घोट घोट करून सारी बाटली प्याली."

"कोणती बाटली?" मी म्हणाले. "पाणी त मी जाळीवर ओतलं."

"ते कॅनीतलं. माझ्यापाशी वेगळी बाटली होती, सीटखाली. तिच्यासाठीच ठेवली होती."

पाच वर्षं मी धरून चालले होते की पोरीच्या तोंडचं पाणी मी गाडीला पाजलं. ते तसं नव्हतं. एवढी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या अंगावरून उतरली. पंख्याची उतरली नाही, ती कोणी उतरवू शकत नाही. मोरीची त्यांच्या अंगावरून मी उतरवू शकले नाही. मी पुष्कळ सांगितलं, की बैलवाटेत गाडी अडकली असती, की ताप आतलाच होता. ते हो म्हणाले. मी पंख्याबद्दल ऐकून घेते तसंच हो म्हणाले.

ते त्या सोमवारी गेले नाहीत. मंगळवारच्या बसने गेले. पुढे वर्षभराने त्यांनी बदली करून घेतली आणि आता आम्ही एका घरात राहतो.

तिच्याबद्दल बोलतो. रोज नाही, पण बोलतो. कधी ते सुरू करतात, कधी मी. बहुतेक वेळा एखादी छोटी गोष्ट असते, तिने कोणाला काय म्हटलं होतं, कोणत्या शब्दाला अडखळायची. काही ठिकाणी आमच्या आठवणी जुळत नाहीत आणि विचारायला तिसरं कोणी नाही. बोलणं संपलं की घर आधीपेक्षा जास्त रिकामं होतं. तरी पुढच्या वेळी आम्ही बोलतोच.